मधल्या वर्गांचा शिक्षक

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात अध्यापक-विद्यार्थ्यांच्या गौरवप्रसंगी केलेले भाषण)



मंडळाने मला आज जो विषय नेमून दिला आहे, तो प्रथमदर्शनी अगदी लहानसा वाटावा असा आहे. अध्यापक विद्यालयातून किंवा बी. एड्. च्या महाविद्यालयातून शिकून बाहेर पडणारे कित्येक तरुण-तरुणी सहावी, सातवी आणि आठवी हे मधले वर्गच आपल्या कामासाठी का निवडतात, असा तो प्रश्न आहे. माझी उमेदीची सारी वर्षे अध्यापक घडविण्याच्या कामात गेल्यामुळे हा प्रश्न मला विचारला जावा, हे स्वाभाविक आहे. परंतु तो केवळ अध्यापकांचा प्रश्न नव्हे. आपल्या प्रत्येक घरात अकरा ते चौदा वर्षांचे एखादे मूल असते, किंवा कालपर्यंत होते, किंवा उद्या असणार आहे. तेव्हा त्या मुलापुढे कोण उभे राहणार, याचा विचार घराने आणि समाजानेही करणे अगत्याचे आहे.

शिक्षकी पेशा आपल्याला नवा नाही. आपल्यापैकी पुष्कळ घरांत आजोबा किंवा पणजोबा ‘फायनल पास’ होऊन मास्तर झाल्याची हकीकत अभिमानाने सांगितली जाते. त्या काळी मुंबई इलाख्यात सातवीच्या अखेरीस व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा होत असे आणि ती उतरलेल्या माणसाला गावच्या शाळेत नोकरी मिळू शके. म्हणजे आज ज्या इयत्तेला आपण ‘मधली’ म्हणतो, ती एकेकाळी सामान्य माणसाच्या शिक्षणाचे शिखर होती. पुढे हायस्कुले निघाली, कॉलेजे निघाली, आणि शिखर वर वर सरकत गेले. हे योग्यच झाले. मात्र त्याबरोबर आपल्या मनात शिक्षकांची एक उतरंडही तयार झाली. कॉलेजचा प्राध्यापक सर्वांत वर, त्याखाली हायस्कुलातील सर, आणि त्याखाली ‘साधा प्राथमिक शिक्षक’. मुलाने किंवा मुलीने घरी येऊन ‘मला सहावी ते आठवीला शिकवायचे आहे’ असे सांगितले, की वडील हळूच विचारतात, ‘का बरे? हायस्कुलात जागा मिळत नाही काय?’ लग्नाच्या बोलण्यातही हाच सूर उमटतो. आज मला जे सांगावयाचे आहे, ते या उतरंडीविषयीच आहे.

अध्यापक-विद्यार्थ्यांनी मधले वर्ग का निवडावेत, हे मी त्यांनाच विचारीत आलो आहे. त्यांची उत्तरे निरनिराळी असली, तरी त्यांच्या मुळाशी साधारणतः चार कारणे दिसून येतात.

पहिले कारण व्यवहाराचे आहे आणि ते सांगताना कोणी लाजावे असे मला वाटत नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्यानंतर राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २३ ऑगस्ट २०१० रोजी शिक्षकांची किमान पात्रता ठरवून दिली. तीनुसार पहिली ते पाचवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षेचा एक पेपर आणि सहावी ते आठवीसाठी दुसरा, अशी विभागणी झाली. पुढे ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, पहिली ते पाचवीच्या वर्गांना शिकविण्यासाठी बी. एड्. ही पात्रता पुरेशी नाही. त्या वयाच्या बालकांसाठी वेगळे शिक्षण घेतलेला शिक्षकच हवा. याचा परिणाम असा, की अध्यापक विद्यालयाची दोन वर्षांची पदविका घेतलेला पदवीधर आणि बी. एड्. झालेला पदवीधर, या दोघांच्या वाटा आज सहावी ते आठवीच्या वर्गांत येऊन मिळतात. पोटापाण्याचा विचार करून त्या वाटेने जाणारा तरुण कमी प्रतीचा ठरत नाही. पुष्कळ चांगली कामे माणसाने चरितार्थासाठी हाती घेतली आणि मग ती त्याची आवड झाली, असे आपण पाहतोच.

दुसरे कारण विषयाच्या आवडीचे. खालच्या वर्गांत एकाच शिक्षकाला सारे विषय सांभाळावे लागतात. वरच्या वर्गांत शालान्त परीक्षेची छाया पडू लागते आणि शिक्षकाचा अर्धा जीव गुणांच्या बेरजेत अडकतो. मधल्या वर्गांत मात्र विषय नुकता उमलत असतो. पाचवीपर्यंत ‘परिसर अभ्यास’ म्हणून एकत्र शिकलेले ज्ञान येथे विज्ञान, इतिहास, भूगोल अशा स्वतंत्र शाखांनी वाढू लागते. कायद्यानेही हे ओळखले आहे. सहावी ते आठवीसाठी विज्ञान व गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा या प्रत्येकासाठी निदान एक शिक्षक असावा, असे त्यात सांगितले आहे. ज्याचे गणितावर प्रेम आहे, त्याला गणिताची पहिली खरी ओळख करून देण्याचा मान येथेच मिळतो. तीनला अर्ध्याने भागले असता उत्तर सहा येते, हे पाहून मूल चकित होते. भागले तर संख्या कमी व्हावी, वाढली कशी? शिक्षकाने तीन भाकरींचे अर्धे-अर्धे तुकडे करून सहा जणांच्या पानांत वाढून दाखविले, की त्या मुलाच्या चेहऱ्यावर जो उजेड पडतो, तो पाहण्यासाठी माणसाने शिक्षक व्हावे. हळदीचा डाग साबणाचा हात लागताच लाल का होतो, हे मुलीने घरी शंभरदा पाहिलेले असते. त्याचे कारण तिला येथे प्रथम कळते, आणि आपल्या घरातच विज्ञान आहे हे तिला उमगते.

तिसरे कारण मुलाच्या वयाचे. बालमनाच्या वाढीचा अभ्यास करणारे झाँ पियाजे (१८९६–१९८०) यांनी असे दाखविले की, साधारण अकरा-बारा वर्षांच्या सुमारास मूल समोर दिसणाऱ्या वस्तूंच्या पलीकडे जाऊन ‘असे असते तर काय झाले असते’ असा विचार करू लागते. लहान मूल शिक्षकाचे म्हणणे श्रद्धेने स्वीकारते; मोठा विद्यार्थी ते परीक्षेसाठी लिहून घेतो; मधल्या वयाचे मूल मात्र त्यावर वाद घालते. ते उद्धट वाटते, कारण ते स्वतःचे मत बनवू लागलेले असते. त्याचा आवाज फुटत असतो, शरीर बदलत असते, आणि या बदलांविषयी घरात कोणी त्याच्याशी बोलत नाही. मुलींच्या बाबतीत तर हे मौन अधिकच कठीण होते. महिन्यातील काही दिवस शाळा बुडू लागते आणि पुढे ती कायमची सुटते. अशा वयात ज्याच्याशी न भिता बोलता येईल असे घराबाहेरचे एक मोठे माणूस मुलाला हवे असते. आंतरवासितेच्या काळात शाळेत पाठ घेताना पुष्कळ अध्यापक-विद्यार्थ्यांना याचा अनुभव येतो. पाठाचे टाचण घेऊन ते वर्गात जातात, आणि मुले त्यांना टाचणात नसलेले प्रश्न विचारतात. काहींना ते त्रासाचे वाटते. काहींना आपले काम सापडल्यासारखे वाटते. मधले वर्ग निवडणारे ते हे दुसरे.

चौथे कारण मात्र मुले उघडपणे क्वचितच सांगतात. ते ओळखून घ्यावे लागते. जी मुले खेड्यांतून, वाड्यावस्त्यांतून शिकून वर आलेली असतात, त्यांनी आपल्या वर्गातील बाके रिकामी होताना पाहिलेली असतात. पहिलीत पट भरलेला असतो. तो पातळ होऊ लागतो तो मधल्या वर्गांत. मराठवाड्यातील ऊसतोड कुटुंबांचीच गोष्ट घ्या. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेतलेले कोयते कारखान्यांच्या फडांकडे निघतात. तान्हे मूल आईबरोबर जाते, आणि त्या तान्ह्याला सांभाळायला सहावी-सातवीतील मोठी बहीण जाते. हंगामी वसतिगृहे या मुलांसाठीच काढण्यात आली. तरीही मूल गावात ठेवावे की न्यावे, हा निर्णय अखेर आईबापांनाच घ्यावा लागतो. शेजारच्या गावाची शाळा लांब पडते, रस्त्याची भीती वाटते, घरी कामाला हात हवा असतो, मुलीच्या लग्नाचे विचार डोक्यात घोळू लागतात. ही सारी कारणे नेमकी याच तीन वर्षांत एकवटतात. ग्रामीण विद्यार्थिनींना अहिल्याबाई होळकर यांच्या नावाच्या योजनेतून एस. टी. चा मोफत पास मिळतो; पण पास असूनही मुलीला शाळेत पाठवावेसे वाटावे, यासाठी आईबापांचा त्या शाळेतील एखाद्या माणसावर विश्वास असावा लागतो. तो माणूस आपण व्हावे, असे ज्याला वाटते, तो मधल्या वर्गाचा शिक्षक होतो. मला हे कारण सर्वांत मोलाचे वाटते.

हे म्हणणे भावनेचे नाही, हे आपल्या शिक्षणाच्या इतिहासावरून दिसून येईल. सक्तीचे शिक्षण किती वर्षांपर्यंत असावे, याविषयी आपल्या थोर पुरुषांनी वेळोवेळी जी मर्यादा सांगितली ती पाहा. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन केले, त्यात निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून प्रशिक्षण देऊन तयार करावेत आणि त्यांना पोटापुरते वेतन मिळावे, असेही त्यांनी त्यात आग्रहाने मांडले. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली बडोदे संस्थानात सक्ती लागू केली. तेथे मुलांची मर्यादा बारा वर्षांची आणि मुलींची दहाची होती. नामदार गोखल्यांनी १९११ साली केंद्रीय विधिमंडळात जे विधेयक मांडले, त्यात दहा वर्षांपर्यंतच्या मुलग्यांचाच विचार होता, आणि तेही संमत झाले नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. वर्ध्यास १९३७ साली नयी तालीमची योजना पुढे आली, तेव्हा डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने सात ते चौदा अशी सात वर्षांची शाळा कल्पिली. आपल्या राज्यघटनेने चौदा वर्षांपर्यंतचे मोफत व सक्तीचे शिक्षण दहा वर्षांत साध्य करावे असे ४५ व्या अनुच्छेदात सांगितले. ते दहा वर्षांत झाले नाही. २००२ सालच्या ८६ व्या घटनादुरुस्तीने तो मूलभूत हक्क ठरला, आणि २००९ च्या कायद्याने आठवीपर्यंतच्या शिक्षणाची जबाबदारी शासनावर आली. म्हणजे जोतीरावांच्या निवेदनापासून सव्वाशेहून अधिक वर्षांनी कायद्याचा हात मधल्या वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर सहावी ते आठवी हा अकरा ते चौदा वर्षांचा स्वतंत्र टप्पाच मानला.

कायदा मुलाला दारापर्यंत आणू शकतो. आत आणून बसविणे आणि बसल्यावर शिकविणे, हे शिक्षकाचे काम आहे. त्याला त्यासाठी किती वेळ मिळतो? सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस आणि १००० तास अध्यापन व्हावे, असे कायद्याच्या परिशिष्टात सांगितले आहे. तीन वर्षांचे ३००० तास. एवढ्या अवधीत त्याला पूर्णांक, बीजगणित, पेशी, घटना, नकाशा, निबंध हे सारे शिकवावयाचे असते. आणि त्याच वेळी मागचे राहिलेलेही भरून काढावयाचे असते. २००५ पासून होत आलेल्या ‘असर’ सर्वेक्षणांनी आपल्याला वारंवार हे अप्रिय सत्य सांगितले आहे की, वरच्या इयत्तेत गेलेल्या कित्येक मुलांना खालच्या इयत्तेचा उतारा धड वाचता येत नाही, साधा भागाकार करता येत नाही. असे मूल सहावीत येते, तेव्हा ते आपली उणीव लपविण्यात तरबेज झालेले असते. ते फळ्यावरचे हुबेहूब उतरवून घेते, वही स्वच्छ ठेवते, आणि कोणी मोठ्याने वाचायला सांगू नये म्हणून मान खाली घालून बसते. त्याला चारचौघांत न लाजविता वाचायला शिकविणे, हे फार नाजूक कौशल्य आहे. नववीत हे करावयास उसंत नसते. म्हणूनच मी म्हणतो की, मधल्या वर्गाचा शिक्षक हा उतरंडीतला अधलामधला माणूस नव्हे. पुढच्या सर्व शिक्षकांचे काम त्याच्या कामावर उभे असते.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, नाहीतर या तरुणांची फसवणूक होईल. नोकरी लवकर मिळत नाही. पात्रता परीक्षा, अभियोग्यता चाचणी आणि नंतर पवित्र पोर्टलवरील निवड, अशी ही लांबलचक वाट आहे. अभियोग्यता चाचणी २०१७ साली झाली, त्यानंतर ती २०२३ साली झाली, यावरून मधली प्रतीक्षा किती असू शकते हे ध्यानी येईल. निवड झाल्यावरही पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. जनगणना, निवडणुका आणि आपत्तीतील मदत ही कामे कायद्यानेच शिक्षकांकडे दिली आहेत, आणि कागदपत्रांचा भार वेगळाच. शिवाय शिक्षकाने खाजगी शिकवण्या घेऊ नयेत, असा कायद्याचा दंडक आहे. तेव्हा शिकवण्यांच्या कमाईची आशा धरून कोणी या वाटेला येऊ नये. आदर्शाने पोट भरत नाही, हे मी जाणतो. ज्याने या अडचणी आधी पाहिल्या आहेत आणि तरीही निवड केली आहे, त्याचीच निवड टिकते.

यास्तव मंडळापुढे आणि येथे जमलेल्या कुटुंबांपुढे माझ्या तीन विनंत्या आहेत.

पहिली विनंती पारितोषिकांविषयी. दहावी-बारावीत वरचे गुण मिळविणाऱ्यांचा आपण दरवर्षी सत्कार करतो, तो अवश्य करावा. परंतु ज्या मुलीने घरच्या अडचणींतून आठवी पूर्ण करून नववीत नाव घातले, तिचाही या व्यासपीठावर गौरव व्हावा. आपल्या ज्ञातीतील एकही मूल आठवीच्या आत शाळेबाहेर पडू नये, असा संकल्प मंडळाने करावा, आणि प्रत्येक गावच्या सभासदाने आपल्या गावातील मुलांची यादी ठेवावी. यादीला खर्च येत नाही. लक्ष मात्र लागते.

दुसरी विनंती वसतिगृहाविषयी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी शिक्षणाचे काम आरंभिले ते मुलांच्या राहण्या-जेवण्याची सोय करूनच, आणि १९३५ साली साताऱ्यास ग्रामीण शाळांसाठी शिक्षक तयार करणारे विद्यालयही काढले. राहण्याची सोय आणि चांगला शिक्षक, ही शिक्षणाची दोन चाके आहेत हे त्यांनी ओळखले होते. आपला विद्यार्थी-साहाय्य निधी प्रायः महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर खर्च होतो. त्यातील थोडासा भाग मधल्या वर्गांतील मुलांच्या राहण्यासाठी व प्रवासासाठी, आणि थोडासा अध्यापक-विद्यार्थ्यांच्या नेमणुकीपूर्वीच्या प्रतीक्षाकाळासाठी बिनव्याजी कर्जाच्या रूपाने राखून ठेवावा.

तिसरी विनंती घरांतील वडीलधाऱ्यांना आहे, आणि तिला पैसा मुळीच लागत नाही. मुलाने किंवा मुलीने मधल्या वर्गांची निवड केली, तर तिला नाइलाज समजू नका. सोयरीक जुळविताना ‘प्राथमिकला आहेत’ हे शब्द आवाज खाली आणून उच्चारू नका. ज्या समाजात शिक्षकाची इयत्ता पाहून त्याचा मान ठरतो, त्या समाजातील बुद्धिमान मुले मधल्या वर्गांकडे पाठ फिरवितात, आणि त्याचे मोल अखेर त्याच समाजाच्या लेकरांना द्यावे लागते. बालशिक्षणाला महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यासारख्या तपस्विनी लाभल्या, आणि त्या कामाला लोकमानसात प्रतिष्ठा आली. मधल्या वर्गांच्या शिक्षकाचे नाव मात्र सहसा कोणाच्या ओठी येत नाही. ते यावे, एवढी तजवीज आपल्या घरांपुरती आपण करू शकतो.

आणि आता, तरुण मित्रांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. तुमच्या वर्गातील मुले तुम्हाला फारशी आठवणार नाहीत, अशी मनाची तयारी ठेवा. पहिलीचे गुरुजी अक्षर गिरवून घेतल्यामुळे आठवतात. दहावीचे सर निकालाच्या दिवशी आठवतात. मधल्या शिक्षकाचे काम भिंतीच्या आतल्या चिऱ्यासारखे असते. त्यावर वरचे चिरे बसले, की तो दिसेनासा होतो. परंतु वरच्यांचा भार तोच वाहत असतो. वर्गात शिराल तेव्हा पहिल्या बाकावरच्या हुशार मुलाकडे पाहण्याआधी, मान खाली घालून बसलेले मूल कोठे आहे ते शोधा. हजेरी घेताना सलग तीन दिवस ज्याचे उत्तर आले नाही, त्याच्या घरी चौथ्या दिवशी जा. या दोन गोष्टी कोणत्याही पात्रता परीक्षेत विचारल्या जात नाहीत. पण तुमच्या हातून किती मुले नववीत जातील, हे त्यांवर अवलंबून राहील.

 या अध्यापकांना दीर्घायुष्य, उत्तम आरोग्य आणि भरलेले वर्ग लाभोत, अशी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.